मातीतले बारीक कोळी: नोंद कशी करायची, ओळखायचे कसे? सोलापूरकरांचे वारंवार येणारे प्रश्न

दरवर्षी मृग लागला की आमच्या फोनवर तोच एक फोटो येऊ लागतो. तळहातावर लाल मखमलीचा ठिपका आणि खाली प्रश्न, "हे काय आहे?" त्याचं उत्तर सोपं आहे (प्रश्न ३). पण त्यातलंच कुणी पुढं शेतातली माती आणतं, नरसाळं लावतं, मायक्रोस्कोपखाली बघतं, आणि मग प्रश्न अवघड होत जातात. आम्ही चार-पाच जण सोलापूर आणि आसपासच्या तालुक्यांतले मातीतले कोळी नोंदवतो. आम्हाला पुन्हा पुन्हा विचारलेलं सगळं इथं एकत्र केलंय. सोपे प्रश्न आधी, डोकं खाजवायला लावणारे शेवटी.

१. कोळी म्हणजे जाळं विणणारा ना? मग हा मातीतला कोळी कुठला?

गोंधळ आपल्या भाषेचा आहे. भिंतीवरचा कोळी, मासे धरणारा कोळी, आणि वांग्या-डाळिंबावर पडणारा 'लाल कोळी' असं सगळं आपण एकाच शब्दात बसवलंय. यातला तिसरा, म्हणजे औषधाच्या दुकानात ज्याला 'माइट' म्हणतात, तो आपला विषय. पण पानावरचा नाही, मातीतला. गोचीड आणि खरजेचा किडा हे याचेच भाऊबंद.

जाळ्याच्या कोळ्याची कंबर बारीक असते, शरीराचे दोन भाग स्पष्ट दिसतात. माइटला कंबर नसते, सगळं अंग म्हणजे एकच पोतडी आणि पुढं छोटं तोंड. या पानावर 'कोळी' म्हटलं की माइटच समजा.

२. मातीत वळवळणारं सगळंच बारीक कोळी असतं का?

नाही. पाय आणि मिशा बघा. कोळ्याला आठ पाय असतात, मिशा नसतात, पंख कधीच नसतात. नव्या माणसाला सगळ्यात जास्त चकवतात ते स्प्रिंगटेल: आकार तेवढाच, संख्याही तेवढीच, पण पाय सहा, पुढं मिशा, आणि डिवचलं की टुणकन उडी. पुढं विंचवासारखे चिमटे पण मागं नांगी नाही, असं काही दिसलं तर तो छद्मविंचू, त्याची बाटली वेगळी. सहा पायांचे कोळीही असतात, पण त्याबद्दल प्रश्न १५ मध्ये.

३. मृगाचा किडा हाच का तो? आणि त्याचं तेल खरंच गुणकारी आहे का?

हो, मृगाचा किडा कोळीच आहे, किडा नाही. पाय मोजा, आठ भरतील. आपल्याकडचा मोठा लाल मखमली कोळी म्हणजे ट्रॉम्बिडियम ग्रँडिसिमम. मातीतले बाकीचे बहुतेक कोळी एक मिलिमीटरसुद्धा भरत नाहीत, तिथं हा एक सेंटिमीटरच्या पुढं जातो, म्हणजे घराण्यातला हत्तीच. वर्षाचा बहुतेक काळ जमिनीखाली असतो, पहिल्या दमदार पावसानंतर थोडे दिवस वर येतो आणि पुन्हा गडप होतो. याची पिल्लं दुसऱ्या कीटकांच्या अंगाला चिकटून त्यांचा रस शोषतात. मोठेपणी तो दुसऱ्या बारीक जिवांची अंडी आणि पिल्लं खातो.

तेलाबद्दल आम्ही काही सांगणार नाही, तो आमचा विषय नाही. एवढंच म्हणू की काडेपेटीत भरून विकण्यासाठी त्यांना शेकड्यांनी गोळा करणं बघवत नाही. नोंदीसाठी एक फोटो, तारीख आणि ठिकाण पुरे, नमुना उचलायची गरज नाही.

४. एवढ्या बारीक जिवांची नोंद करून उपयोग काय?

हा प्रश्न बहुतेक वेळा घरातूनच येतो. मातीनं भरलेली पिशवी स्वयंपाकघरात आली की कुणीही विचारेल.

उसाचं पाचट घ्या. ते कुजतं बुरशी आणि जिवाणूंमुळे, पण त्याचे तुकडे करणं, बुरशी चरणं, बीजाणू इकडून तिकडे नेणं यात कोळ्यांचा मोठा वाटा असतो. पाचट पेटवलं की वरच्या थरातली ही वस्ती जाते, आणि त्यातले कवचधारी कोळी इतके सावकाश वाढतात की पुन्हा जमायला वेळ लागतो. म्हणून नांगरट, जाळणं, रासायनिक फवारणी यांचा मातीवर झालेला परिणाम तपासायला जगभर हे कोळी मोजले जातात.

दुसरं उदाहरण मेंढपाळांचं. सांगोला, मंगळवेढ्याकडं मेंढरं पाळणाऱ्यांना पोटातल्या पट्टकृमीचा त्रास माहीत असतो. त्यातल्या मोनिएझिया या कृमीचं अर्धं आयुष्य मातीतल्या कोळ्यात जातं: लेंडीतली अंडी कोळी खातो, त्याच्या पोटात कृमीची पुढची अवस्था तयार होते, गवताबरोबर तो कोळी मेंढीच्या पोटात जातो. मधला हा दुवा मोहरीपेक्षा बारीक असल्यामुळे कुणाला दिसत नाही.

आणि एक गोष्ट केवळ गंमत म्हणून. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी इथल्या दगडात सापडलेले कोळ्यांचे जीवाश्म सुमारे ४१ कोटी वर्षांचे आहेत. आपली काळी माती ज्या बेसाल्टपासून झाली तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे आपल्या पायाखालचा दगड तयार व्हायच्या आधीपासून ही मंडळी मातीत राबत आहेत.

५. चावतात का? पोरं मातीत खेळतात.

मातीतले जवळजवळ सगळे कोळी माणसाकडं ढुंकूनही बघत नाहीत. अपवाद एका गटाचा. लेप्टोट्रॉम्बिडियमची सहा पायांची पिल्लं गवतातून अंगावर चढून चावतात आणि त्यांच्यामुळे स्क्रब टायफस हा ताप होऊ शकतो. झुडपात-गवतात वावरल्यानंतर ताप आला आणि अंगावर कुठं न दुखणारी काळी खपली दिसली, तर वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवा आणि रानात गेलो होतो हे आवर्जून सांगा. आम्ही स्वतः गवतात काम करताना पायजमा मोज्यात खोचतो. दिसायला वाईट दिसतं, पण चालतं.

६. सोलापूरच्या मातीत हे असतात तरी का? इथं पाऊस तो किती!

असतात, पण मेळ वेगळा असतो. ओल्या, पालापाचोळ्याच्या जंगलात कवचधारी ऑरिबॅटिडांचं राज्य असतं (गटांची ही नावं प्रश्न १२ मध्ये उलगडली आहेत). समशीतोष्ण जंगलात एका चौरस मीटरला लाखाच्या वर कोळी भरतात. कोरड्या, उघड्या जमिनीत संख्या खूप कमी होते आणि मऊ अंगाच्या प्रोस्टिग्माटांचं प्रमाण वाढतं. आपल्याकडं पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेर आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर. त्यामुळे माळरानावरच्या मुरमाड जमिनीच्या नमुन्यात चारच कोळी आले तर नाराज होऊ नका.

त्याच गावात ओढ्याकाठच्या जुन्या चिंचेखाली, डाळिंबाच्या ठिबकखाली किंवा पाचट ठेवलेल्या उसात माती घ्या, चित्र पार बदलतं. आमच्या मते सोलापूरचं वैशिष्ट्य हेच. पन्नास पावलांवर दोन वेगळी जगं सापडतात, आणि म्हणूनच 'सोलापूरची माती' एवढंच लिहिलेली नोंद आमच्या उपयोगाची नसते.

७. माती कधी घ्यावी?

पाऊस सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, आणि दुसऱ्यांदा परतीच्या पावसानंतर, ज्वारीच्या पेरणीच्या सुमारास. आपल्याकडं खरा पाऊस तेव्हाचाच. मे महिन्यातही घेतली तर चालते, पण ती उन्हाळ्याची नोंद म्हणून. तेव्हा जमीन भेगाळलेली असते आणि वरच्या पाच सेंटिमीटरमध्ये फारसं काही हाती लागत नाही. चिखल असताना मात्र घेऊ नका, कारण नरसाळ्यात त्या मातीची वीट होते (प्रश्न ९).

८. किती माती घ्यायची? खुरप्यानं उचलली तर चालेल?

कोणते कोळी आहेत एवढंच बघायचं असेल तर खुरपं चालेल. किती आहेत हे सांगायचं असेल तर मोजमाप हवं. पाच सेंटिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइपचा तुकडा घ्या, एक कड कानशीनं धारदार करा, जमिनीत दहा सेंटिमीटर ठोका आणि मातीसकट उपसा. एका जागी एक नमुना पुरत नाही, किमान पाच घ्या. कोळी मातीत सारखे पसरलेले नसतात, कुजक्या मुळाशी पन्नास आणि वीतभर पलीकडं शून्य असं सहज होतं.

हिशेब असा: पाच सेंटिमीटर व्यासाच्या तोंडाचं क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या पाइपातला एक कोळी हा चौरस मीटरमागं सुमारे ५०९ कोळ्यांच्या बरोबर. एक जरी मोजायचा राहिला तरी पाचशेंचा फरक पडतो! म्हणून नोंदीत आधी प्रत्यक्ष मोजलेला आकडा आणि पाइपाचा व्यास लिहा, गुणाकार नंतर कुणीही करेल.

माती पिशवीत घालून तोंड सैल बांधा आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीतून आणा. गाडीच्या डिकीत दुपारभर ठेवलेला नमुना म्हणजे भाजलेला नमुना.

९. ते नरसाळ्याचं यंत्र घरी करता येतं का?

येतं, आणि आमची बहुतेक यंत्रं घरचीच आहेत. तत्त्व साधं आहे: माती वरून गरम आणि कोरडी होत गेली की कोळी ओल शोधत खाली सरकतात आणि शेवटी चाळणीतून पडतात. इटलीच्या अंतोनियो बेर्लेसे यांनी १९०५ मध्ये गरम पाण्याच्या आवरणाचं नरसाळं केलं, स्वीडनच्या आल्बर्ट तुलग्रेन यांनी १९१८ मध्ये वर विजेचा दिवा लावला. आपण वापरतो तो दुसरा प्रकार.

मोठं प्लास्टिकचं नरसाळं, त्यात दोन मिलिमीटर भोकांची चाळणी, चाळणीवर माती, नरसाळ्याखाली स्पिरिटची छोटी बाटली, वर वीतभर उंचीवर बल्ब. बल्ब तारेचा, पिवळा, २५ किंवा ४० वॉटचा हवा. एलईडी लावून "काहीच येत नाही" म्हणणारे आम्हाला दरवर्षी भेटतात. तो उजेड देतो, ऊब देत नाही. तारेचा बल्ब आता दुकानात मागितला की दुकानदार वर बघतो, पण मिळतो.

काळ्या मातीचं मात्र वेगळं तंत्र आहे. तिच्यातली चिकणमाती वाळली की आकसून दगड होते आणि कोळी आतच अडकतात. तीन गोष्टींनी फरक पडतो. नमुना उलटा ठेवा, म्हणजे जमिनीचा वरचा भाग खाली. कोळ्यांनी आधीच केलेल्या पोकळ्या वरच्या थरात जास्त असतात आणि त्यांना बाहेर पडायची वाट जवळ होते. ढेकूळ कुस्करू नका, हातानं हलकेच दोन-तीन तुकडे करा. आणि ऊब हळूहळू वाढवा: पहिले दोन दिवस बल्ब उंच, मग खाली. एकदम तापवलं की चपळ कोळी सुटतात आणि सावकाश चालणारे कवचधारी वाटेतच वाळतात, मग तुमच्या नोंदीत सोलापुरात ऑरिबॅटिडा नाहीतच असं दिसू लागतं. पाच ते सात दिवस द्या. वीज गेली तर किती तास गेली ते वहीत लिहा.

चाळणी स्वयंपाकघरातून आणली असेल तर ती परत तिकडं जाणार नाही हे आधीच घरात मान्य करून घ्या. शेंगाचटणी चाळायला नवी घ्यावी लागते, अनुभव आहे.

१०. कोळी ठेवायला कोणतं स्पिरिट?

सत्तर ते ऐंशी टक्के इथेनॉल उत्तम. ते कॉलेजच्या प्रयोगशाळेबाहेर सहज मिळत नाही, तेव्हा औषधाच्या दुकानातलं सत्तर टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. हात धुण्याची जेल नको. पुढं डीएनए तपासायचा विचार असेल तर ९५ टक्क्यांच्या वरचं इथेनॉल आणि थंड जागा लागते. लाल-पिवळे रंग स्पिरिटमध्ये उडतात, म्हणून रंगीत कोळ्यांचा फोटो आधी.

११. बाटलीतल्या चिठ्ठीवर काय काय लिहायचं?

चिठ्ठी बाटलीच्या आत, जाड कागदाची, पेन्सिलीनं लिहिलेली. पहिल्या पावसाळ्यात आम्ही बॉलपेननं लिहिलं होतं. महिन्याभरानं बाटल्यांत निळसर पाणी आणि कोरे कागद उरले. ते कोळी अजून आमच्याकडं आहेत, कुठले ते कुणाला सांगता येत नाही.

लिहायचं ते असं: "महाराष्ट्र, जि. सोलापूर, ता. उत्तर सोलापूर, गाव, १७.६६ उ., ७५.९१ पू.; बांधावरचा कडुलिंब, पाल्याखालची काळी माती, ०–१० सेंमी; माती घेतल्याची तारीख; नरसाळं, ६ दिवस; गोळा करणाऱ्याचं नाव; बाटली क्रमांक." तारीख माती घेतल्याची, नरसाळं उतरवल्याची नव्हे. तालुका हवाच, कारण एकाच नावाची गावं दोन-तीन तालुक्यांत असतात, आणि उत्तर सोलापूर व दक्षिण सोलापूर हे तालुकेही वेगळे आहेत.

अक्षांश-रेखांशात दोन चुका नेहमी होतात. एक, आकड्यांची अदलाबदल: १७ आणि ७५ उलटे टाकले की तुमचं कडुलिंबाचं झाड स्वालबार्डच्या दक्षिणेला, आर्क्टिक समुद्रात जाऊन उभं राहतं. ही चूक नकाशावर लगेच दिसते. दुसरी दिसत नाही: १७ अंश ४० मिनिटं हे '१७.४०' असं लिहिणं. खरं ते १७.६७. फरक जवळपास तीस किलोमीटरचा, आणि सोलापूर शहरातली माती भीमेकडं सरकते. कुणाला शंकाही येत नाही, कारण तिथंही शेतीच आहे.

१२. कोणत्या गटातला हे कसं ओळखायचं? नावं तर जीभ वळत नाही अशी.

नावांची फोड केली की जीभ वळते. 'स्टिग्मा' म्हणजे श्वास घ्यायचं भोक. ते मधे असेल तर मेसोस्टिग्माटा, पुढं असेल तर प्रोस्टिग्माटा, नसेलच तर अ‍ॅस्टिग्माटा. हा ग्रीक 'अ' आपल्या 'अशक्य'मधल्या 'अ'चाच सख्खा. ऑरिबॅटिडांची भोकं लपलेली असतात, म्हणून त्यांना पूर्वी क्रिप्टोस्टिग्माटाही म्हणत.

पण वीसपट-चाळीसपट मोठं दाखवणाऱ्या साध्या मायक्रोस्कोपखाली भोकं शोधत बसू नका, आधी चाल आणि अंग बघा. पॉलिश केलेल्या मोहरीसारखा तपकिरी, कडक, सावकाश चालणारा असेल तर ऑरिबॅटिडा. डोक्यामागं दोन्ही बाजूंना वाटीसारख्या खळग्यातून एकेक वेगळाच केस निघालेला असतो, कुणाचा दोऱ्यासारखा, कुणाचा गदेसारखा. पोटाकडून बघितलं तर दोन जोड्या दारं दिसतात, पुढची जननांगाची आणि मागची गुदाची. गालुम्नासारख्यांच्या खांद्यावर कानासारखे झडपे असतात, पाय आत घेतले की ते मिटतात. काही तर डोकंच पोटाखाली दुमडून पेटीसारखे बंद होतात, तेव्हा ते कोळी न वाटता खसखशीचा दाणा वाटतात आणि नवा माणूस त्यांना बी म्हणून फेकून देतो.

तांबूस-पिवळा, चपळ, पुढचे दोन पाय मिशांसारखे हवेत धरून पळणारा असेल तर मेसोस्टिग्माटा. हे बहुतेक शिकारी, सूत्रकृमी आणि स्प्रिंगटेल खातात. तिसऱ्या-चौथ्या पायाच्या वर, कडेला श्वासरंध्र आणि तिथून पुढं गेलेली नळीसारखी खाच दिसली की शंका उरत नाही. मऊ अंगाचा, लाल-हिरवा-पांढुरका कसाही, कधी लांब चोचीचा, तो प्रोस्टिग्माटा. मृगाचा किडा यातलाच. पांढरा, मऊ, लांब केसांचा, कुजक्या-आंबट मालात झुंडीनं असणारा तो अ‍ॅस्टिग्माटा.

या चार ढिगांत वाटणी जमली की तुमचं अर्ध्याहून जास्त काम झालं. ढीग किती शास्त्रशुद्ध, ते प्रश्न १८ मध्ये.

१३. फोटो काढून अ‍ॅपवर टाकला की नाव मिळतंच ना?

मृगाच्या किड्याचं मिळेल, पाव मिलिमीटरच्या ऑरिबॅटिडाचं नाही. आयनॅचरलिस्टसारख्या ठिकाणी फोटो जरूर टाका, पण खुणा असतात पोटाच्या बाजूला, केसांच्या मुळाशी, पायांच्या नखांवर, आणि पाठीच्या एका फोटोत त्या येत नाहीत. अ‍ॅपनं सुचवलेलं नाव बहुतेकदा युरोपातलं असतं, कारण तिकडचे फोटो जास्त आहेत. ते नाव 'दिसतंय तसंच' म्हणून स्वीकारू नका.

१४. मग प्रजाती कळलीच नाही तर नोंद वाया गेली का?

या पानावरचा आमचा सगळ्यात आवडता प्रश्न. अजिबात नाही. ऑरिबॅटिडांच्याच वर्णन झालेल्या प्रजाती जगात दहा हजारांहून जास्त आहेत. त्यातली नेमकी कोणती हे सोलापुरात घरी बसून ठरवता येईल असं ज्याला वाटतं, त्याच्या यादीवर आम्ही विश्वास ठेवत नाही.

खात्री असेल तिथपर्यंत लिहा आणि थांबा. "ऑरिबॅटिडा, ७" ही चांगली नोंद आहे. "गालुम्ना, प्रजाती अनिश्चित, २" त्याहून चांगली. चुकीचं पूर्ण नाव मात्र सगळ्यात वाईट, कारण ते पुढच्या याद्यांत उतरत जातं आणि कुणी मूळ बाटली उघडून बघत नाही. ओळख पटत नाही पण वेगळा दिसतो हे नक्की, अशाला स्वतःचा सांकेतिक क्रमांक द्या, जसं 'सोला-ऑरि-०३', आणि त्याबरोबर लांबी मायक्रोमीटरमध्ये, एक रेखाचित्र, बाटली क्रमांक ठेवा. लांबी मोजताना पाय धरायचे नाहीत, तोंडाच्या टोकापासून पाठीच्या टोकापर्यंतच. बाटली जपली असेल तर नाव दहा वर्षांनीही मिळू शकतं.

१५. माझ्या कोळ्याला सहाच पाय आहेत. एकाला तर चारच!

सहा पायांचं ते पिल्लू. अंड्यातून आलेल्या पहिल्या चालत्या अवस्थेला तीनच जोड्या असतात, चौथी कात टाकल्यावर येते. ऑरिबॅटिडात त्यानंतर बाल्याच्या तीन अवस्था आणि मग प्रौढ. ही बाळं प्रौढांपेक्षा इतकी वेगळी दिसतात की पूर्वी काहींना स्वतंत्र प्रजाती म्हणून नावं दिली गेली. फ्रान्सच्या फ्रांस्वा ग्रांजाँ यांनी एकेका अवस्थेतले केस मोजून असे कितीतरी घोळ निस्तरले. तुम्ही बाळांचा आकडा वेगळ्या रकान्यात लिहा आणि त्यांना प्रजातीचा क्रमांक देऊ नका.

चार पाय असलेला, गाजरासारखा लांबोडा दिसला तर तो एरिओफिड, झाडावरचा कोळी, पाल्याबरोबर नरसाळ्यात आलेला. लांब, किड्यासारखा वळवळणारा पण आठ आखूड पायांचा मिळाला तर तो मात्र जपून ठेवा. नेमाटॅलिसिडी कुळातले खोल वाळूत राहणारे कोळी असे असतात. पायांचा आकडा लिहिण्याआधी तुटलेले पाय धरलेत का, तेही बघा.

१६. आठवडा झाला, बाटलीत एकही कोळी नाही. नोंद करू की नको?

करा, पण आधी यंत्राची खात्री करा. त्याच दिवशी दुसऱ्या नरसाळ्यात कंपोस्टची मूठभर माती लावा. तिथून कोळी पडले आणि इथून नाही, तर शून्य खरं. "शून्य" आणि "बघितलं नाही" हे वहीत वेगळे दिसले पाहिजेत, रिकामी जागा सोडू नका.

उलटी चूकही होते. ऑरिबॅटिडांची कवचं मेल्यावरही मातीत बराच काळ टिकतात आणि धुळीबरोबर बाटलीत पडतात. उजेडावर धरा, आत पोकळ दिसतं, पाय गळालेले असतात. ती जिवंतांच्या आकड्यात धरू नका, शेऱ्यात लिहा.

१७. गांडूळखतातले, शेणकिड्याच्या पोटाला चिकटलेले, मुंग्यांच्या वारुळातले कोळी "मातीतले" धरायचे का?

नोंदवायचे, पण मातीच्या आकड्यात मिसळायचे नाहीत. गांडूळखताच्या टाकीत पांढऱ्या अ‍ॅस्टिग्माटांचा आणि कासवासारख्या गोल युरोपोडांचा (मेसोस्टिग्माटांतलाच एक गट) सुकाळ असतो. ते शेताच्या रकान्यात टाकलं तर शेत एकदम सुपीक दिसू लागतं! शेणकिड्यावरचे मेसोस्टिग्माटा त्याचं रक्त पीत नसतात, ती फुकटची सवारी: ताज्या शेणापर्यंत पोचायला वाहन. तिथं वाहनाचं, म्हणजे किड्याचं नाव लिहा आणि दोघे एकाच बाटलीत ठेवा. वारुळातल्यांबरोबर दोन-तीन मुंग्या ठेवा. गोठ्याजवळच्या मातीत गोचीड सापडली तर तिला स्वतंत्र ओळ, कारण ती अंडी घालायला जमिनीवर उतरलेली असते, मातीची रहिवासी नसते.

१८. एका पुस्तकात अ‍ॅस्टिग्माटा वेगळा गण आहे, दुसऱ्यात ऑरिबॅटिडाच्या पोटात. खरं कुठलं?

आजचं मत दुसऱ्या बाजूला आहे: अ‍ॅस्टिग्माटा हे ऑरिबॅटिडांमधूनच निघालेली फांदी आहेत. तसंच प्रोस्टिग्माटा आता ट्रॉम्बिडिफॉर्मिस या मोठ्या गणात मोडतात. आणखी खोल गेलं तर सगळे माइट एकाच पूर्वजाचे की दोन वेगळ्या शाखा, यावरच वाद चालू आहे.

म्हणून आम्ही प्रश्न १२ मधले चार ढीग मोजायला सोयीचे म्हणून ठेवतो आणि वहीच्या पहिल्या पानावर कोणती पद्धत वापरली ते लिहितो. अ‍ॅस्टिग्माटांचा आकडा वेगळाच ठेवा. वेगळे आकडे नंतर एकत्र करता येतात, एकत्र केलेले पुन्हा वेगळे करता येत नाहीत.

१९. पोटाकडच्या खुणा दिसतच नाहीत. स्लाइड कशी करायची?

ऑरिबॅटिडांचं कवच गडद असतं, म्हणून त्यांना लॅक्टिक आम्लात ठेवून पारदर्शक करावं लागतं. फिकटांना एक-दोन दिवस, काळ्याकुट्टांना आठवडा. खळगा असलेल्या स्लाइडवर काचेची झाकणी अर्धीच सरकवून ठेवली की ती हलवून कोळी उलटा-सुलटा करता येतो, आणि बघून झाल्यावर परत स्पिरिटमध्ये. कायमची स्लाइड करण्याची घाई नको, चपटा झालेला कोळी पुन्हा गोल होत नाही. मऊ प्रोस्टिग्माटा आणि मेसोस्टिग्माटांसाठी स्लाइडवर नमुना बसवायचं हॉयरचं द्रावण वापरतात, पण त्यातलं क्लोरल हायड्रेट घरी ठेवायची वस्तू नाही. ते काम कॉलेजच्या प्रयोगशाळेत करा.

२०. जुन्या चिठ्ठीवर 'शोलापूर' किंवा 'उस्मानाबाद' असेल तर दुरुस्त करू का?

मूळ चिठ्ठीला हात लावू नका. इंग्रजांच्या काळात आपल्या गावाचं नाव 'शोलापूर' असंच लिहीत. जे लिहिलंय ते जसंच्या तसं एका रकान्यात, आजचं नाव (सोलापूर, धाराशिव) शेजारच्या रकान्यात. जुनं साहित्य शोधताना दोन्ही नावांनी शोधा.

२१. माती घ्यायला कुणाची परवानगी लागते?

शेतात मालकाची. "काका, मूठभर माती घेऊ का?" एवढं विचारलं की कुणी नाही म्हणत नाही, उलट पुढच्या बांधावरचीही घ्या म्हणतात. फक्त माती परीक्षणवाले नाही आहोत हे आधीच सांगा, नाहीतर पुढच्या वेळी नत्र-स्फुरदाचा अहवाल मागतात. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात मात्र वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय चिमूटभरही घेऊ नका. १९७२ चा वन्यजीव कायदा तिथं लागू आहे आणि कोळी बारीक आहेत ही सबब चालत नाही. ओळख पटवायला नमुने परदेशी तज्ज्ञाला परस्पर पोस्टानं पाठवू नका, त्याला जैविक विविधता कायदा, २००२ लागू होतो.

२२. कुठल्याच पुस्तकात बसत नाही. नवी प्रजाती सापडली वाटतं! नाव कसं द्यायचं?

शक्यता खरी आहे. पण आधी बाळ नाही ना (प्रश्न १५), रिकामं कवच नाही ना (प्रश्न १६), दुसऱ्या देशात आधीच वर्णन झालेली नाही ना, हे बघावं लागतं, आणि या तिसऱ्या गोष्टीतच तज्ज्ञांची वर्षं जातात. एकाच कोळ्यावर भागत नाही, त्याच जागेवरून पुन्हा माती घ्या आणि आणखी प्रौढ मिळवा. नाव देण्यासाठी वर्णन प्रसिद्ध व्हावं लागतं, एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा आधार, म्हणून ठरवावा लागतो आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला हे लिहावं लागतं. घरातलं कपाट हा संग्रह धरला जात नाही. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, जवळच्या प्राणिशास्त्र विभागातल्या प्राध्यापकांमार्फत तिथं विचारणा करा. जाताना बाटली, चिठ्ठी, वही तिन्ही न्या. आणि बाटलीचं झाकण घट्ट आहे का ते निघण्याआधी बघा, पुण्याच्या वाटेवर स्पिरिट उडून जातं.